ह्ये काय खातंय?

आमच्या ह्यांच्याबरोबर हवापालटाला जायचं म्हणजे हवा राहते बाजूलाच. पुण्याहून लोणावळ्याला निघालो तेव्हा दोन ट्रंका होत्या. एकीत फुलपाखरं धरायच्या जाळ्या, बुचाच्या फळ्या, टाचण्या, भिंगं आणि विषाची बाटली. दुसरीत माझे रंग, कागद, ह्यांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं, आणि कोपऱ्यात जागा उरली म्हणून माझी लुगडी. हमाल ट्रंक उचलताना कण्हला, तर हे त्याला म्हणतात, जपून, आत जिवंत अळ्या आहेत. त्या बिचाऱ्याची ट्रंक डोक्यावरून सुटायचीच राहिली होती.

हे कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मावळातली फुलपाखरं, पतंग आणि अळ्या कुणालाही ओळखता याव्यात असं एक मराठी पुस्तक काढायचं, हा त्यांचा ध्यास. चित्रं माझी. अळी मेली की तिचा रंग उतरतो, म्हणून मुक्कामावरच पाट मांडून रंगवायला बसावं लागे. लॅटिन नावं ह्यांना तोंडपाठ. मराठी नावं नव्हतीच, ती मी ठेवायची. बंगल्यातल्या लिंबावर एक मोठं काळं फुलपाखरू यायचं, मागच्या पंखांवर निळी झाक. त्याला मी 'निळा शेला' म्हटलं. हे म्हणाले, फार कवितेसारखं झालं. मी म्हटलं, मग तुमचं लॅटिन नाव एका दमात म्हणून दाखवा. तर दाखवलंन की हो. काय बोलणार अशा माणसाला?

ह्यांचा आणखी एक गुण सांगून ठेवते, पुढे कामाला येईल. ह्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणजे बोलायचं नाही असं नव्हे, जमतच नाही. कुणाकडे जेवायला गेलो आणि यजमानीणबाईंनी विचारलं, भाजी कशी झालीय, तर हे सरळ सांगणार, खारट. मी पाटाखालून चिमटे काढून थकले.

तुंगार्लीतला तो बंगला ह्यांच्या एका वकील स्नेह्यांचा. जर्मनीची लढाई संपून दुसरा पावसाळा सरत होता. उतारावर सोनकी आणि तेरडा फुललेला, सकाळी धुकं थेट व्हरांड्यात यायचं, आणि घाट चढणाऱ्या इंजिनांचा उसासा दिवसभर ऐकू यायचा. बंगल्याची राखण कोंडाजी करी. तो आणि त्याची बायको सरुबाई मागच्या दोन खोल्यांत राहत. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार आमच्या मागच्या व्हरांड्यातच उघडायचं. भाऊकी खाली गावात. दोघंही पन्नाशीच्या पुढची, कमी बोलणारी.

जाळी घेऊन फिरणाऱ्या माणसाला लोक काय विचारतात ते मला पाठ होतं. याचं औषध होतं का? साहेब लोक काय देतात? सरुबाईनं मात्र भलतंच विचारलं. मी रुईवरची पट्ट्यापट्ट्यांची अळी रंगवीत होते. ती केरसुणी हातात धरून मागे उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्ये काय खातंय?"

मी सांगितलं, रुईची पानं. दुसरं काही दिलं तर उपाशी मरेल, पण खाणार नाही. तिनं मान हलवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी लिंबावरची अळी पाहून तोच प्रश्न. पानफुटीच्या पानात शिरून आतला गर खाणारी अळी दाखवली, तरी तोच. हे तर खुश झाले. अळीची ओळख पटवायची तर ती कशावर बसली होती हेच आधी पाहायचं असतं, आणि ते नेमकं कुणीच विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग सरुबाई गवताला जाताना दिसेल ती अळी फांदीसकट आणू लागली. मला मात्र तिच्या विचारण्यात काहीतरी खुपत होतं. ती किड्यांची चौकशी करीत नव्हती. पोरं जेवली का, असं आपण शेजारणीला विचारतो ना, त्या आवाजात विचारायची.

कारण कळलं ते चुलीपाशी, एका पावसाळी दुपारी. तिचा एकुलता एक मुलगा, मारुती, पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेला होता. लढवय्या नव्हे, घोड्यांना दाणावैरण घालायचं, खरारा करायचा, हे त्याचं काम. तिकडे कुठल्याशा गावात पलटणीला तुर्कांनी वेढा घातला. हे सगळं हौशीरामनं येऊन सांगितलं. हौशीराम सुदुंबऱ्याचा, मारुतीच्या बरोबर होता, तुर्कांच्या कैदेतून वर्षापूर्वी सुटून आला. पीठ संपत आलं तेव्हा साहेबांनी घोडी कापायला काढली. बाकीच्यांनी कुरकुरत का होईना, खाल्लं. मारुती म्हणाला, ज्यांना मी माझ्या हातानं चारलं त्यांना मी कसं खाऊ? पुढे कैदेत दोघांची फाटाफूट झाली, आणि त्याचं काय झालं हे हौशीरामला ठाऊक नव्हतं. सरकार सांगे, पत्ता लागत नाही.

"एकटाच न्हवता," सरुबाई म्हणाली. "हौशीराम सांगत हुता, लय पोरं हुती तितं. समदी उपाशी."

आता पितृपंधरवडा चालू होता. भाऊकी कोंडाजीच्या मागे लागली होती की यंदा सर्वपित्रीला मारुतीचा म्हाळ घाल, पितरांबरोबर त्याचंही पान मांड. सरुबाई कबूल होईना. म्हाळ घातला म्हणजे पोर मेलं असं आईनंच म्हटलं. आणि नाही घातला, आणि तो खरंच गेलेला असला, तर तो तसाच भुकेला. या दोहोंच्या मध्ये ती बाई वर्षभर अडकून होती. मला फार वाईट वाटलं. तिच्या चुलीपुढे बसून मी रडलेसुद्धा, आणि तिनंच मला चहा करून दिला.

तो पतंग त्याच आठवड्यात आला.

सकाळी व्हरांड्याच्या भिंतीवर बसलेला होता, पंख पसरून. तळहाताएवढा मोठा. ऐनाच्या झाडावर रेशमाचे कोश करणारे पतंग असतात, त्या जातकुळीतला दिसत होता. चारी पंखांवर डोळ्यासारखे काचेचे ठिपके, मिशा पिसांसारख्या, म्हणजे नर. पण रंग निराळा. या जातीचे नर विटकरी असतात, माद्या पिवळसर. हा खाकी होता. धुऊन धुऊन विटलेल्या खाकी कापडाचा रंग, ना धड हिरवा, ना धड मातकट. मला तो रंग तयार करायला तीन वेळा पाणी बदलावं लागलं. ह्यांनी दोन्ही पुस्तकं पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली आणि मिटून ठेवली.

सरुबाई आली. तिनं नेहमीचंच विचारलं.

हे आनंदाने सांगायला बसले. सरुबाई, हा काहीच खात नाही. याला तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं त्यावरच आठवडाभर जगायचं आणि मरायचं. त्यांनी तिच्या हातात भिंग दिलं, डोकं दाखवलं. तोंडाच्या जागी नुसती लव होती. मी ह्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

सरुबाईनं बराच वेळ पाहिलं. मग भिंग पुसून परत दिलं.

"म्हंजी भुकेलंच मरायचं," ती म्हणाली.

हे पतंग विषाच्या बाटलीत घालायला निघाले होते. मी म्हटलं, माझं चित्र होईपर्यंत बाटलीचं नाव काढायचं नाही. चित्राचं निमित्त होतं, हे त्यांनाही कळलं. त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाचा पिंजरा उभा केला आणि पतंग आत ठेवला. पिंजरा त्याच व्हरांड्यात, सरुबाईच्या दारासमोर.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात एका बशीत तांदळाच्या भाकरीचा तुकडा होता, दुधात भिजवलेला. हे हसले, पण काढला नाहीन. संध्याकाळी बशी रिकामी. मुंग्या, हे म्हणाले. मग त्यांनी पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. पाल शिरू नये म्हणून कापडाची शिवण मी स्वतः पाहिली. बशी पुन्हा रिकामी झाली. आम्ही दोघांनी आळीपाळीनं व्हरांड्यात बसून पाहिलं, पण पतंग जागचा हलताना दिसला नाही. मी जरा दुधाकडे लक्ष द्यायला उठावं, ह्यांनी चष्मा पुसावा, आणि मघाचा घास मघाएवढा नसावा.

आणि चित्र जुळेना. असले पतंग दिवसागणिक सुकतात, पोट चिमटत जातं, हे मी कितीदा पाहिलंय. म्हणून पोट मी पहिल्याच दिवशी पेन्सिलीनं काढून ठेवते. याचं पोट पहिल्या दिवशी वातीसारखं होतं. चौथ्या दिवशी ते माझ्या रेघेबाहेर आलं. मी मोजमापात चुकत नाही, ह्यांना विचारा. ह्यांनी पुन्हा भिंग घेतलं, पुन्हा डोकं तपासलं.

"तोंड आहे?" मी विचारलं.

"नाही," हे म्हणाले. त्या दिवशी ते रात्री फार जेवले नाहीत.

आठवडा उलटला, पतंग जिवंत. सरुबाईचा चेहरा मात्र खुलला होता. ती आता सकाळी विचारून स्वयंपाक करी, म्हणजे पिंजऱ्यासमोर उभी राहून सांगायची आज काय करतेय ते. एके दिवशी ओढ्यावरून खेकडे धरून आणले आणि असं काही कालवण रटरटवलं की आमच्या सोवळ्या व्हरांड्यात बसवेना. हे पदर लावावा तसं उपरणं नाकाला लावून अळ्यांना पानं घालीत होते. कोंडाजी शेतावरून आला आणि वास येताच भडकला. मी त्याचा आवाज चढलेला तेवढा एकदाच ऐकला. पितरांच्या पंधरवड्यात खेकडं शिजवतीस?

सरुबाईनं बशीत रस्सा वाढला. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"पितर कोन हाय हितं?" ती म्हणाली. "मारुतीला खेकडं लागत्यात."

कोंडाजी उंबऱ्यापाशी तसाच उभा राहिला. तोवर त्यानं त्या पिंजऱ्याकडे नीट पाहिलेलंच नव्हतं. बायकोचं डोकं फिरलं असं त्याला वाटत असावं, आणि खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती. पाठ वळवून तो गोठ्यात गेला.

त्याच संध्याकाळी सरुबाई ह्यांच्यासमोर येऊन बसली. हात पुसले, पदर सारखा केला.

"मास्तर, तुमी समद्या जिवांची वळख सांगता. पंख बघून सांगता, पान बघून सांगता. सांगा, ह्ये कोन हाय?"

मला वाटलं, आता हे व्याख्यान देतील. जात सांगतील, कूळ सांगतील, निदान तोंड नसतं हे तरी पुन्हा सांगतील.

"सरुबाई," ते म्हणाले, "मला ओळखता येत नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

सर्वपित्रीला ऊन पडलं होतं. भाऊकीतले चारजण वर आले. कोंडाजीनं अंगणात पानं मांडली, बापाचं, आजाचं, आणि शेवटी एक लहान पान, मारुतीचं. सरुबाईनं स्वयंपाक केला सगळा, खीर, वडे, आमटी, काही कमी ठेवलं नाही. पण मारुतीचं पान वाढायला ती बाहेर आली नाही. कोंडाजीनं स्वतः वाढलं.

कावळे आले. बापाचं पान घेतलं. आजाचं घेतलं.

शेवटच्या पानाकडे एकही फिरकेना. एक कावळा उतरला, पानाभोवती चालला, मान वाकडी करून पाहिलं आणि उडून गेला. भाऊकीतले म्हणू लागले, काही इच्छा राहिली असेल, बोलून बघ. कोंडाजी हात जोडून बोलला. आईला सांभाळीन, म्हणाला. घोडी तुझी सुखी असतील, म्हणाला. पानावर कावळा येईना. ऊन कलायला लागलं.

तेवढ्यात आतून सरुबाईनं मला हाक मारली.

पतंग बशीत पडलेला होता. पंख पसरलेले, डोकं घासाच्या कडेला टेकलेलं. मी बोट लावलं. मेला होता.

ती रडली नाही. बशी उचलून ती ह्यांच्यापाशी गेली.

"तुमी किडं चिरून बघता न्हवं? ह्याचं पोट बघा."

"सरुबाई, कशाला?"

"बघा, मास्तर. तुमी खोटं सांगत न्हाई."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि रंगांच्या पाटावर जागा करून दिली. कोंडाजी अंगणातून येऊन दाराशी उभा राहिला. ह्यांनी बारीक कात्री घेतली. या जातीच्या पतंगाच्या पोटात काय असतं ते मला ठाऊक आहे. अन्ननळी नावापुरती, सुकलेली, बाकी पोकळ.

पोट उघडलं.

आत भात होता. दुधात भिजलेली भाकरी होती. कालवणाचा तांबडा रस्सा कागदावर ओघळला, आणि त्याचा वास आला. मी ह्यांच्या खांद्यावरून पाहत होते. मी पाहिलं.

ह्यांनी भिंग फिरवून डोक्यावर धरलं. तोंडाच्या जागी लव होती, तशीच, अखंड.

"पोट भरलेलं हुतं?" सरुबाईनं विचारलं.

"हो," हे म्हणाले. "पोटभर जेवला होता."

तेव्हा ती रडली. भिंतीला टेकून बसली आणि मोठ्यानं, मोकळं रडली, आणि मी तिला धरून बसले. कोंडाजी अंगणात गेला. भाऊकीतल्यांना तो काय म्हणाला ते इथवर ऐकू आलं. पान उचला, तो म्हणाला. पोरगं जेवल्यालं हाय. त्यो कशाला यील हितं?

पतंग टाचणीला लावला नाही. कोंडाजीनं बंगल्यामागच्या ऐनाखाली हातभर खड्डा काढला, आणि सरुबाईनं बशीसकट त्याला पुरलं. माझं चित्र मी अर्धंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्हाला निघायचं होतं. ट्रंकांचे पट्टे आवळून झाले होते. धुकं दाट होतं. मी दूध आणायला मागचं दार उघडलं आणि तिथेच थांबले.

व्हरांड्याची भिंत खाकी झाली होती.

जमिनीपासून आढ्यापर्यंत पतंग बसले होते. पंखाला पंख लावून, रांगांनी. एकही हलत नव्हता. सगळ्यांची डोकी एकाच बाजूला, सरुबाईच्या दाराकडे.

मी ह्यांना हाक मारली. ते भिंग घेऊन आले, एकापाशी वाकले, मग दुसऱ्यापाशी, मग तिसऱ्यापाशी. तोंड एकालाही नाही, अशी त्यांनी मान हलवली. पोटं मला भिंगाशिवायही दिसत होती. सगळ्यांची वातीसारखी.

सरुबाईचं दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी राहून भिंतभर पाहत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घाबरली नाही. मग आत गेली, आणि मोठी परात खाली काढल्याचा आवाज आला. पुन्हा बाहेर आली तेव्हा तिनं बाह्या वर सारल्या होत्या.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुमच्याकडं तांदळाचं पीठ हाय का? माजं पुरायचं न्हाई."

हे खाली बसून ट्रंकेचे पट्टे सोडू लागले. मी आत गेले आणि पिठाचा डबा घेऊन आले.